गंधार सांभाळा: रॉक आणि कंट्री संगीताचा मेळ घालताना

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत एका रिकाम्या गाळ्यात आम्हा चौघांची तालीम चालत असे. कंट्री, म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण लोकसंगीतातून आलेल्या प्रकाराच्या, वळणाची एक साधी चाल आम्ही बांधली होती आणि तिला रॉकचे बळ मिळावे म्हणून इलेक्ट्रिक गिटारचे डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाटका करणारा परिणाम) पूर्ण उघडून, ड्रमवर जोरकस ठेका धरून ती वाजवत होतो. एका संध्याकाळी माझे मामा ऐकायला आले. तरुणपणी त्यांनी ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटार वाजवली आहे. गाणे संपल्यावर त्यांनी एवढेच विचारले, "अरे, यातला गंधार कुठे गेला?" त्या वेळी आम्हाला प्रश्नाचा अर्थ नीटसा कळला नाही; पण पुढे या दोन संगीतप्रकारांचा मेळ घालण्याविषयी जे काही शिकलो, ते सगळे त्या एका प्रश्नाभोवती शिकलो. नाशिकमध्ये गिटार, बास आणि ड्रम घेऊन असा प्रयत्न करू पाहणाऱ्यांसाठी ते येथे सविस्तर लिहीत आहे.

कंट्री संगीताचा गोडवा मुख्यतः शुद्ध गंधारात, म्हणजे सप्तकातल्या 'ग'मध्ये, असतो. रॉकचे बळ षड्ज ('सा') आणि पंचम ('प') यांच्या भक्कम जोडीत असते. डिस्टॉर्शन वाढले की षड्ज-पंचम अधिक भरीव होतात आणि गंधार गढूळ होतो. म्हणून दोन्ही प्रकार एकत्र आणताना प्रत्येक क्षणी गंधार कोणाच्या हाती आहे, हे आधी ठरवावे लागते. ठेका, शब्द आणि आवाजाची पातळी हे प्रश्नही महत्त्वाचे आहेत, मात्र त्यांची उत्तरे या निर्णयानंतर बरीच सोपी होतात.

आधी दोन ध्वनिमुद्रणे शेजारी ठेवून ऐका

हे मिश्रण नवे नाही. रॉकच्या जन्मातच कंट्रीचा वाटा आहे. बिल मन्रो यांनी १९४६ साली 'ब्लू मून ऑफ केंटकी' हे गाणे तीन मात्रांच्या वॉल्ट्झमध्ये ध्वनिमुद्रित केले. १९५४ च्या जुलै महिन्यात मेम्फिस येथील सन स्टुडिओत एल्विस प्रेस्ली, गिटारवादक स्कॉटी मूर आणि बासवादक बिल ब्लॅक यांनी तेच गाणे चार मात्रांत आणले. तेथे ड्रम नव्हता. उभ्या बासच्या तारा पट्टीवर आपटून निघणारा आवाज आणि ॲकॉस्टिक गिटारचा झणत्कार यांच्यावरच सगळी गती उभी होती. ही दोन्ही ध्वनिमुद्रणे लागोपाठ ऐकावीत आणि ऐकताना हाताने टाळी धरावी. शब्द तेच असताना अक्षरांची लांबी कशी बदलते, हे टाळीमुळे चटकन लक्षात येते. मन्रो यांनी त्याच वर्षी, म्हणजे १९५४ मध्ये, हे गाणे पुन्हा ध्वनिमुद्रित केले, तेव्हा सुरुवात वॉल्ट्झने करून पुढे चार मात्रांत प्रवेश केला. ही युक्ती आजही जशीच्या तशी उचलण्यासारखी आहे.

त्यानंतर १९६८ साली 'द बर्ड्स' या रॉक बँडने ग्रॅम पार्सन्स यांच्या प्रभावाखाली 'स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ' हा अल्बम काढला आणि त्यातील काही भाग थेट कंट्रीचे माहेरघर असलेल्या नॅशव्हिलमध्ये ध्वनिमुद्रित केला. तेथे रॉकचे वादक कंट्रीच्या शिस्तीत वाजवतात. पार्सन्स यांच्याच पुढच्या बँडने, म्हणजे 'द फ्लाइंग बरिटो ब्रदर्स'ने, १९६९ साली उलट वाट धरली: स्नीकी पीट क्लाइनाऊ यांनी कंट्रीचे मुख्य वाद्य असलेल्या पेडल स्टील गिटारलाच (पोलादी कांडीने आणि पायाच्या पेडलने सूर बदलणारी गिटार) फझ, म्हणजे तीव्र डिस्टॉर्शन, लावला. आपला कल या दोन वाटांपैकी कोणत्या वाटेकडे आहे, हे तालीम सुरू करण्याआधी बँडने बसून ठरवावे. आमचा अनुभव असा की नवख्या बँडने पहिली वाट धरावी, कारण दुसऱ्या वाटेला वाद्यावर फार मोठी हुकूमत लागते.

पट्टी आणि स्वरांचे आकडे

नॅशव्हिलच्या स्टुडिओंत १९५० च्या दशकाच्या अखेरीस 'जॉर्डनेअर्स' या गायकसमूहातील नील मॅथ्यूज यांनी कॉर्ड (एकत्र वाजणारा स्वरसमूह) आकड्यांनी लिहिण्याची पद्धत सुरू केली. कॉर्डचे नाव न लिहिता एक, चार, पाच असे आकडे लिहायचे, म्हणजे गायकाने ऐन वेळी पट्टी बदलली तरी कागद बदलावा लागत नाही. आपल्याकडे ज्याने हार्मोनियमच्या साथीला गायले आहे, त्याला यात काहीच परके वाटणार नाही: एक म्हणजे षड्ज, चार म्हणजे मध्यम, पाच म्हणजे पंचम, आणि पट्टी काळी एक असो वा पांढरी पाच. गिटारवर सुरुवात पांढरी पाच म्हणजे जी या पट्टीत करावी, कारण तेथे मोकळ्या तारांचा भरपूर उपयोग होतो. गायकाला ती चढी वाटली तर बोटांचे आकार तेच ठेवून सर्व वाद्यांच्या तारा अर्धा स्वर उतरवाव्यात.

ठेका

कंट्रीचा मूळ ठेका दोन अंगांचा असतो. पहिल्या मात्रेवर बासचा षड्ज, दुसऱ्यावर गिटारचा 'चक' (तारांवरचा तुटक आघात), तिसऱ्यावर बासचा पंचम, चौथ्यावर पुन्हा 'चक'. रॉकमध्ये स्नेअर या खरखरीत आवाजाच्या ड्रमचा आघात नेमका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतो. म्हणजे दोन्ही प्रकारांचे वजन एकाच जागी आहे. वरवर पाहता ही सोय वाटते. प्रत्यक्षात बहुतेक घोळ येथेच होतो, कारण गिटारचा 'चक' आणि स्नेअर एकाच क्षणी एकाच जोराने वाजले की गिटार ऐकूच येत नाही आणि गिटारवादक मग आवाज वाढवू लागतो. त्यावर उपाय असा की ड्रम आल्यानंतर ॲकॉस्टिक गिटारने 'चक'चे वजन काढून घ्यावे आणि हात सलग आठ आघातांत हलका फिरता ठेवावा. स्नेअरने टाळी द्यावी, गिटारने तिच्या मधल्या जागा भराव्यात.

कंट्री गायक जॉनी कॅश यांच्या सुरुवातीच्या बँडमध्ये ड्रम नव्हता, तेव्हा त्यांनी गिटारच्या तारांखाली कागद सरकवून स्नेअरसारखा खरखरीत आवाज काढला होता. घरी सराव करताना हा प्रयोग अवश्य करावा. तारांच्या खालून-वरून एक घडी घातलेला कागद विणून घेतला की सूर दबतो आणि उजव्या हाताची लय उघडी पडते. हात कोठे घाईत आहे, हे मेट्रोनोमपेक्षाही तो कागद स्पष्ट सांगतो.

ड्रमवादकाने शिकायचा मुख्य ठेका म्हणजे आगगाडीचा ठेका. चार मात्रांत स्नेअरवर सोळा हलके आघात, दोन्ही हात आलटून-पालटून, आणि वजन फक्त दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर. नाशिकमध्ये ज्याने ढोल-ताशा पथकात ताशा वाजवला आहे, त्याच्या मनगटात हा ठेका निम्मा आधीच असतो. त्याला शिकावे लागते ते बाकीचे चौदा आघात जवळजवळ कुजबुजीइतके हळू वाजवणे. पथकात उघड्या रस्त्यावर वाजवायचे असल्यामुळे प्रत्येक आघात पूर्ण ताकदीने देण्याची सवय लागते आणि ती मोडायला वेळ लागतो. काठ्यांऐवजी ब्रश वापरावेत. सुरुवात मिनिटाला ९० मात्रांच्या लयीने करावी आणि सोळाही आघात समान अंतरावर पडू लागल्याशिवाय लय वाढवू नये.

बासवादकाने कडव्यात षड्ज-पंचमाची दोन पावलांची चाल ठेवावी आणि ध्रुवपदात षड्जावर सलग आठ आघात द्यावेत. गाण्याचा कंट्रीतून रॉकमध्ये होणारा प्रवेश श्रोत्याला सर्वांत आधी बासमधून जाणवतो, म्हणून ड्रम आणि गिटार यांनी त्या वळणावर एकाच वेळी फार काही बदलू नये. एका वळणावर एकच गोष्ट बदलावी, हा नियम आम्ही आजही पाळतो.

तीन मात्रांचे गाणे चारांत नेताना अक्षरांचा हिशोब मांडावा. समजा ओळ आहे, 'गाडी निघाली'. दादऱ्याच्या अंगाने ती गाताना 'गा' दोन मात्रा, 'डी' एक. 'नि' एक, 'घा' दोन. 'ली' तीन, अशी बसते. केरव्याच्या अंगाने नेताना ज्या अक्षरावर सूर रेंगाळतो त्यालाच वाढीव मात्रा द्यावी: 'गा' तीन, 'डी' एक, 'नि' एक, 'घा' तीन, 'ली' चार. आखूड अक्षर ताणले की ओळ लगेच कृत्रिम वाटू लागते.

डिस्टॉर्शन आणि गंधार

तानपुऱ्याची खर्जाची तार छेडल्यावर तिच्यातून आपोआप एक गंधार ऐकू येतो, ज्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो. गिटारच्या तारेतही तो असतो. डिस्टॉर्शन लावले की असे सगळे सूक्ष्म स्वर वर येतात आणि मोठे होतात. आता गिटारच्या पडद्यांवरचा गंधार समान अंतराच्या विभागणीने बसवलेला असल्यामुळे या नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्श्याइतका, चढा असतो. स्वच्छ आवाजात हा फरक खपून जातो. डिस्टॉर्शनमध्ये दोन गंधार एकमेकांवर घासतात आणि आवाज फाटल्यासारखा वाटतो. मामांच्या प्रश्नाचे उत्तर हे होते. रॉकचे गिटारवादक पॉवर कॉर्डमध्ये, म्हणजे केवळ षड्ज-पंचमाच्या कॉर्डमध्ये, गंधार मुळातच गाळतात, त्याचेही एक मोठे कारण हेच आहे.

यातून वाट काढायची तर पहिली गोष्ट, गेनचे, म्हणजे डिस्टॉर्शनचे प्रमाण ठरवणारे, बटण एक-तृतीयांशाच्या पुढे नेऊ नये. डिस्टॉर्शनऐवजी सौम्य ओव्हरड्राइव्ह घ्यावा, ज्यात हळू छेडले की आवाज स्वच्छ राहतो आणि जोराने छेडले की तो किंचित फुटतो. दुसरी गोष्ट अधिक उपयोगी आहे. जी कॉर्डच्या नेहमीच्या आकारात गंधार दोन ठिकाणी येतो: पाचव्या तारेच्या दुसऱ्या पडद्यावर आणि मोकळ्या दुसऱ्या तारेवर. गढूळपणा खालच्या गंधाराचा असतो. सहाव्या तारेचा तिसरा पडदा धरणाऱ्या बोटाच्या कडेने पाचवी तार दाबून मुकी करावी आणि दुसरी तार मोकळी वाजू द्यावी. गंधार एकदाच, वरच्या सप्तकात ऐकू येतो आणि खाली षड्ज-पंचम स्वच्छ राहतात. डी कॉर्डचा गंधार मुळातच फक्त पहिल्या तारेवर असल्यामुळे ती कॉर्ड ओव्हरड्राइव्हमध्येही उजळ वाटते. सी कॉर्डमध्ये चौथ्या तारेवरचा गंधार हलक्या हाताने घ्यावा आणि पहिल्या मोकळ्या तारेवर भर द्यावा.

दोन गिटारवादक असतील तर कामाची वाटणी करावी. एकाने खालच्या स्वरांच्या तीन जाड तारांवर षड्ज-पंचम ओव्हरड्राइव्हमध्ये धरावेत, दुसऱ्याने वरच्या तारांवर पूर्ण स्वच्छ आवाजात गंधार आणि धैवत यांच्या जोड्या वाजवाव्यात. दोघांनी एकच कॉर्ड एकाच आकारात वाजवण्याची सवय महाविद्यालयीन बँडमध्ये फार दिसते आणि ती या प्रकारात सर्वाधिक नुकसान करते.

एकल वादन

कंट्रीचे गिटारवादक ज्या पाच स्वरांत सर्वाधिक फिरतात, ते षड्ज, रिषभ, गंधार, पंचम आणि धैवत म्हणजे आपल्या भूप रागाचेच स्वर आहेत, आणि भूपाचा वादी, म्हणजे मुख्य, स्वर गंधार आहे. रॉकचे वादक मुख्यतः षड्ज, कोमल गंधार, मध्यम, पंचम आणि कोमल निषाद या स्वरांत फिरतात. हा धानी रागाच्या स्वरांचा संच होय. अर्थात स्वर तेच असले म्हणून राग तोच होत नाही, परंतु ज्याच्या कानात भूप बसलेला आहे त्याला कंट्रीची वाक्ये लवकर सापडतात, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे.

या दोन संचांना जोडणारा पूल कोमल गंधारावरून शुद्ध गंधाराकडे जाणाऱ्या कणाचा, म्हणजे ओझरत्या स्वरस्पर्शाचा, आहे. जी पट्टीत तिसऱ्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावर कोमल गंधार आहे आणि चौथ्यावर शुद्ध. तिसऱ्या पडद्यावर तार छेडून चौथ्यावर दुसरे बोट आपटावे. कोमल गंधार निमिषमात्र ऐकू यावा आणि विसावा शुद्ध गंधारावर असावा. थांबा कोमल गंधारावर घेतला की वाक्य रॉककडे झुकते, शुद्धावर घेतला की कंट्रीकडे. एका एकल वादनात हा तोल हवा तसा हलवता येतो. मात्र कॉर्ड बदलली की कोमल गंधार तिच्याशी जमतो का, हे कानाने तपासावे. चौथ्या कॉर्डवर तो छान बसतो, कारण तेथे तो त्या कॉर्डचा कोमल निषाद होतो.

पेडल स्टीलचा भास इलेक्ट्रिक गिटारवर आणण्यासाठी पुढील वाक्याचा सराव करावा. तिसऱ्या तारेचा चौदावा पडदा, दुसऱ्या आणि पहिल्या तारांचा पंधरावा पडदा, असे तिन्ही धरावेत. वरच्या दोन तारांवरचे पंचम आणि षड्ज अचल ठेवून तिसरी तार रिषभावरून ओढत गंधारापर्यंत न्यावी. तार ओढून गंधार गाठताना पडद्याचे बंधन नसते, म्हणून पडद्यावरच्या गंधाराच्या किंचित अलीकडे, स्वयंभू गंधाराच्या जागी थांबता येते. तेथे थांबल्यावर तिन्ही तारा एकजीव होऊन वाजू लागतात. यासाठी नऊचा किंवा दहाचा, म्हणजे बारीक तारांचा, सेट लावावा. ॲकॉस्टिकच्या बाराच्या सेटमध्ये तिसरी तार गुंडाळलेली असते आणि ती एवढी ओढली जात नाही. क्लॅरेन्स व्हाइट आणि जीन पार्सन्स यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस गिटारच्या पट्ट्याला जोडलेली एक यंत्रणाच बनवली, ज्यात गिटार खाली दाबली की दुसरी तार एक पूर्ण स्वर चढते. आपल्याला ती नसली तरी बोटांनी भागते.

घरात जुनी हवाईयन गिटार असेल तर ती अवश्य बाहेर काढावी. पेडल स्टील ही तिचीच पुढची पिढी आहे. हवाई बेटांवर जोसेफ केकुकू यांनी पोलादी कांडी तारांवर सरकवण्याची पद्धत रूढ केली, तीच अमेरिकेत कंट्रीमध्ये शिरली आणि १९५४ साली बड आयझॅक्स यांच्या वादनाने पेडलची जोड असलेले वाद्य लोकप्रिय झाले. तीच पद्धत आपल्याकडे टाउ मो यांच्यासारख्या हवाईयन कलावंतांनी आणली आणि व्हॅन शिपले यांच्या वादनाने घरोघरी पोहोचली. कांडीने मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे) सहज निघते आणि गंधार नेमक्या जागी ठेवता येतो. आमच्या एका गाण्यात मामांनीच ती वाजवली. त्यांनी प्रत्येक ओळीनंतर फक्त दोन स्वर घेतले, आणि त्यापेक्षा अधिकाची गरजही नव्हती.

शब्द आणि जोडगायन

कंट्रीचे गीत साधी गोष्ट सांगते: रस्ता, शेत, आगगाडी, सोडून आलेले घर. मराठीत लिहिताना टेनेसीचे घोडे आणि व्हिस्की आणण्याचे कारण नाही. निफाडच्या थंडीत द्राक्षबागेत शेकोट्या पेटवून जागणारा माणूस, मुंबई-आग्रा महामार्गावर कांद्याचा ट्रक घेऊन निघालेला चालक, कसारा घाट चढताना गाडीला मागून लावली जाणारी बँकर इंजिने, ही सगळी या ठेक्यावर सहज चढणारी सामग्री आहे. लांब स्वरावर दीर्घ अक्षर यावे आणि ओळीच्या शेवटी शक्यतो 'आ' किंवा 'ई' असावा, म्हणजे तेथे जोडगायकाला जागा मिळते.

जोडगायनात दुसरा आवाज मुख्य आवाजाच्या वर, गंधाराच्या अंतराने ठेवण्याची कंट्रीची रीत आहे. एव्हर्ली ब्रदर्स यांनी १९५७ पासून ती रॉकमध्ये रुजवली. मुख्य गायक षड्जावर असेल तर दुसऱ्याने गंधार घ्यावा. चौथ्या कॉर्डवर मुख्य गायक मध्यमावर गेला तर धैवत, पाचव्यावर पंचमावर गेला तर निषाद. आपल्याकडे एकस्वरी गायनाची सवय असल्यामुळे दुसरा आवाज नकळत पहिल्याला जाऊन मिळतो. यासाठी दुसऱ्या गायकाने आपली ओळ स्वतंत्र चाल म्हणून, हार्मोनियमवर वाजवत, एकट्याने पाठ करावी. ध्रुवपदात असा गंधार गळ्यातून येऊ लागला की इलेक्ट्रिक गिटारने निःशंकपणे पॉवर कॉर्डवर जावे. रॉक आणि कंट्री दोन्ही पूर्ण ताकदीने एकाच वेळी ऐकू येण्याची जागा हीच आहे.

कार्यक्रमाच्या दिवशी

नाशिकमध्ये बरेच कार्यक्रम लॉन्सवर, उघड्यावर होतात. तेथे भिंती नसल्यामुळे आवाज परत येत नाही आणि ॲकॉस्टिक गिटार सर्वांत आधी हरवते. साउंडवाल्यांना सांगून तिचा खालचा खर्ज कापून घ्यावा, बासला तेथे मोकळे सोडावे आणि इलेक्ट्रिकची पातळी ॲकॉस्टिकच्या हिशोबाने ठरवावी. डिसेंबर-जानेवारीत थंड हवेतून आणलेल्या गिटारच्या तारा मंचावरच्या दिव्यांत तापून उतरतात, म्हणून वाद्य अर्धा तास आधी मंचाजवळ ठेवून मगच सुरात लावावे. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावण्यास बंदी असल्याने आवाजाची चाचणी दुपारीच उरकावी.

चाचणीच्या वेळी एका मित्राला मोबाइल घेऊन शेवटच्या रांगेत उभे करावे आणि ध्रुवपदाचे ध्वनिमुद्रण करून घ्यावे. ते ऐकताना बाकी काही पाहू नये, फक्त जोडगायकाचा गंधार शोधावा. तो सापडला नाही तर त्याचा माइक वाढवण्यापूर्वी इलेक्ट्रिक गिटारचे गेन थोडे कमी करावे आणि तेच ध्रुवपद पुन्हा वाजवून घ्यावे.